ड्रीम थिएटर: २४ मिनिटांची गाणी करणारा हा बँड नेमका आहे काय, आणि त्यातली कुठली गाणी ऐकायची?

शेगावच्या स्टँडवरून खामगावची एसटी धरायची, कानात हेडफोन घालायचे आणि ‘ऑक्टेव्हेरियम’ नावाचं गाणं लावायचं. गाणं संपतं तेव्हा खामगाव जवळ आलेलं असतं. एकच गाणं. २४ मिनिटांचं.

असली गाणी करणाऱ्या बँडचं नाव ड्रीम थिएटर. अमेरिकेतला बँड, १९८५ साली सुरू झालेला, आजपर्यंत १६ स्टुडिओ अल्बम. एक काळ असा होता की महाराष्ट्रातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर गिटार वाजवणारा एक तरी पोरगा असायचा आणि त्याच्या हार्ड डिस्कमध्ये या बँडचं फोल्डर असायचं. मग मधल्या काळात ते फोल्डर कुणी उघडेना. २०१० मध्ये बँडचा ड्रमर गेला, पुढचे अल्बम बरे होते पण जीव लावावा असे नव्हते, आणि चाहते आपापल्या नोकरीधंद्याला लागले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच ड्रमर परत आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्यासोबतचा ‘पॅरासोम्निया’ हा अल्बम आला आणि रील्समधून हे नाव पुन्हा फिरायला लागलं. रील बघून युट्यूबवर गेलेला माणूस मात्र गोंधळतो, कारण समोर दहा-वीस मिनिटांची पुष्कळ गाणी असतात आणि कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. चुकीच्या गाण्यानं सुरुवात केली की पाच मिनिटांत वाटतं, हे लोक फक्त बोटांचा वेग दाखवतायत.

ते वाटणं अगदीच चुकीचं नाही, पण पूर्ण खरंही नाही. म्हणून आधी हा प्रकार काय आहे ते बघू आणि मग आवडत्या गाण्यांकडे येऊ.

प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे काय?

सत्तरच्या दशकात येस, जेनेसिस, रश असे बँड होते. लांबलचक गाणी, मध्येच बदलणारी लय, अख्ख्या अल्बमभर एकच गोष्ट, असा त्यांचा कारभार. त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायचे. दुसरीकडे आयर्न मेडन, मेटालिका यांचं जड गिटारचं मेटल होतं. ऐंशीच्या दशकात काही पोरांनी या दोन्हींची मोट बांधली. क्वीन्सराईक आणि फेट्स वॉर्निंग हे बँड आधी आले, पण हा प्रकार जगभर पोचवला तो ड्रीम थिएटरनं.

यातली सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट म्हणजे लय. आणि खरं सांगायचं तर मराठी माणसाला ती तितकी अवघड वाटायला नको.

गावच्या मंदिरात काकड्याला किंवा शेगावच्या पालखीत पखवाज ऐकला असेल, तर आठ मात्रांचा भजनी ठेका तुमच्या कानात आहेच. इंग्रजी रॉकमधली बहुतेक गाणी चार-आठाच्या अशाच सरळ घरात असतात. तबल्याच्या क्लासला दोन महिने जरी गेला असाल तरी सात मात्रांचा रूपक माहीत असतो: तीन, दोन, दोन. आणि दहा मात्रांचा झपताल: दोन, तीन, दोन, तीन. पाश्चात्त्य श्रोत्याला सात आणि पाच हे आकडे विचित्र वाटतात, तो त्यांना ‘विषम’ म्हणतो. आपल्याकडे नाट्यपदांपासून भावगीतांपर्यंत रूपक सर्रास वाजतो आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

फरक इतकाच की आपल्याकडे एक बंदिश एका तालात असते. रूपक सुरू झाला की शेवटपर्यंत रूपक. ड्रीम थिएटरच्या गाण्यात मात्र एका ओळीला सात मात्रा, पुढच्या ओळीला आठ, मग पाच, मग परत सात, असं तालच बदलत जातं. त्यांच्या ‘डान्स ऑफ इटर्निटी’ या सहा मिनिटांच्या, एकही शब्द नसलेल्या तुकड्यात ताल शंभराहून जास्त वेळा बदलतो. आणि या सगळ्या गोंधळानंतर सगळे जण एकाच ठिकाणी येऊन आदळतात. तिहाई घेऊन समेवर यावं तसं. त्या क्षणी आपल्याकडच्या मैफलीत मान डोलते, त्यांच्याकडे डोकं हलतं. बात तीच आहे.

तीन ड्रॉपआऊट आणि एका थिएटरचं नाव

बोस्टनला बर्कली नावाचं संगीताचं मोठं कॉलेज आहे. तिथं १९८५ मध्ये तीन पोरं भेटली. गिटारवाला जॉन पेट्रुची, बेसवाला जॉन म्यँग आणि ड्रमर माईक पोर्टनॉय. पेट्रुची आणि म्यँग हे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे शाळेपासूनचे मित्र. तिघांनी कॉलेज सोडलं, पेट्रुचीचा अजून एक जुना मित्र केव्हिन मूर कीबोर्डवर आला. बँडचं नाव होतं ‘मॅजेस्टी’. त्याच नावाच्या दुसऱ्या एका बँडनं हरकत घेतल्यावर नवं नाव शोधावं लागलं. पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातल्या एका सिनेमा थिएटरचं नाव सुचवलं. ते थिएटर म्हणजे ड्रीम थिएटर. या वडिलांचं नाव लक्षात ठेवा, हॉवर्ड पोर्टनॉय. पुढे परत येणार आहेत.

पहिला अल्बम १९८९ मध्ये आला आणि फार कुणी ऐकला नाही. गायक बदलला. नव्या गायकासाठी त्यांनी दोनशेच्या आसपास लोकांच्या टेप ऐकल्या आणि कॅनडाचा जेम्स लाब्री निवडला. १९९२ मध्ये दुसरा अल्बम आला, ‘इमेजेस अँड वर्ड्स’.

हे साल महत्त्वाचं आहे. तेव्हा निर्वाणाचा जोर होता. तीन-चार मिनिटांची, साधी, रागीट गाणी चालत होती. अशा वेळी आठ मिनिटांचं ‘पुल मी अंडर’ रेडिओवर आणि एमटीव्हीवर लागलं आणि चाललं. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’वरून सुचलेलं गाणं, शब्द केव्हिन मूरचे. बँडच्या अख्ख्या आयुष्यातलं हे एकमेव हिट म्हणावं असं गाणं. २००८ मध्ये त्यांनी निवडक गाण्यांचा संग्रह काढला तेव्हा त्याच्या नावातच हा विनोद केला: एक हिट आणि इतर २१ बरी गाणी, अशा अर्थाचं नाव.

आवडती गाणी, आणि ती का आवडती आहेत

आता मुद्द्यावर येतो. या बँडची सगळी गाणी ऐकून झाल्यावर माझ्याकडे जी उरली, ती बघितली तर एक गोष्ट दिसते. वेग, ताल, लांबी हे सगळ्याच गाण्यांत आहे. पण उरलेली बहुतेक गाणी कुणाच्या तरी नसण्याबद्दल आहेत.

‘अनदर डे’ हे त्यातलं सगळ्यात सोपं. ‘इमेजेस अँड वर्ड्स’मधलंच, चार-साडेचार मिनिटांचं, मेटल न आवडणाऱ्यालाही ऐकवता येईल असं. पेट्रुचीच्या वडिलांना कॅन्सर झाला होता, त्यावर त्यानं लिहिलं. यात सॅक्सोफोन आहे, जो मेटलमध्ये सहसा नसतो. वडील गेल्यावर त्यानं ‘टेक अवे माय पेन’ लिहिलं, ते १९९७ च्या अल्बममध्ये आहे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकावीत. पहिल्यात आशा आहे आणि दुसऱ्यात ती राहिलेली नाही, पण गंमत अशी की दुसऱ्या गाण्याची चाल जास्त हलकी आहे.

मग ‘अ चेंज ऑफ सीझन्स’. २३ मिनिटं. पोर्टनॉयची आई तो किशोरवयात असताना विमान अपघातात गेली. त्यावर त्यानं हे गाणं लिहिलं ते १९८९ च्या सुमारास, पण रेकॉर्ड कंपनीला इतकं लांब गाणं अल्बममध्ये नको होतं. गाणं कार्यक्रमांत वाजत राहिलं, कॅसेटवर उतरवून फिरत राहिलं, आणि शेवटी चाहत्यांनी सह्या गोळा करून कंपनीकडे मागणी केली. १९९५ मध्ये ते रेकॉर्ड झालं. जन्मापासून सुरू होऊन, आईच्या जाण्यातून, मुलाला काय सांगायचं इथपर्यंत ते जातं. २३ मिनिटं का लागली हे ऐकल्यावर कळतं. लहान करता आलं नसतं.

‘स्पेस-डाय व्हेस्ट’ हे याच्या अगदी उलट. १९९४ च्या ‘अवेक’ या अल्बमचं शेवटचं गाणं, जवळपास सगळं केव्हिन मूरचं एकट्याचं. पियानो, मधूनमधून सिनेमातले वाटावेत असे संवाद, आणि एक थंडपणा. अल्बम बाजारात यायच्या आधीच मूर बँड सोडून गेला. तो गेल्यावर बाकीच्यांनी वीस वर्षं हे गाणं स्टेजवर वाजवलं नाही, कारण ते त्याचं होतं. २०१४ मध्ये पहिल्यांदा वाजवलं. ज्यांना वाटतं हा बँड फक्त कसरत करतो, त्यांना मी हेच गाणं ऐकवतो. कसरत शून्य.

त्याच १९९४ च्या डिसेंबरात गायक लाब्री क्युबाला सुट्टीवर गेला असताना त्याला अन्नातून विषबाधा झाली, उलट्यांनी स्वरतंतूंना इजा झाली. काही आठवड्यांतच तो परत दौऱ्यावर उभा राहिला, पण आवाज नीट व्हायला वर्षं लागली. युट्यूबवर १९९५ नंतरच्या काही वर्षांचे कार्यक्रम ऐकून त्याला शिव्या घालणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे आधी वाचावं.

पुनर्जन्माची गोष्ट

१९९७ च्या अल्बमवर कंपनीनं बराच दबाव टाकला होता: गाणी छोटी करा, बाहेरचा गीतकार घ्या. अल्बम पडला आणि पोर्टनॉय बँड मोडायच्या गोष्टी करायला लागला. पुढच्या अल्बमला त्यांनी मोकळीक मागून घेतली, कीबोर्डवर ज्युलियार्डमध्ये शिकलेला जॉर्डन रुडेस आला, आणि १९९९ मध्ये ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ आला.

याची गोष्ट आपल्याला लगेच समजते, कारण ती ‘मधुमती’ आणि ‘कर्ज’वाल्यांची गोष्ट आहे. निकोलस नावाच्या माणसाला सारखी एक बाई स्वप्नात दिसते. तो संमोहन करणाऱ्याकडे जातो आणि कळतं की ती व्हिक्टोरिया, १९२८ साली खून झालेली, आणि मागच्या जन्मी तो स्वतःच व्हिक्टोरिया होता. दोन भाऊ, एक बाई, खुनाचा आळ चुकीच्या माणसावर. सगळा मसाला आहे. शेवट सांगत नाही, फक्त एवढंच की संमोहन करणाऱ्यावर लक्ष ठेवा.

वर सांगितलेलं ‘डान्स ऑफ इटर्निटी’ याच अल्बममध्ये आहे. सुटं ऐकलं तर ते सर्कशीसारखं वाटतं, मध्ये तर जुन्या मूकपटातल्यासारखा पियानोही येतो. गोष्टीच्या मधोमध ऐकलं तर ते माणसाच्या डोक्यात चाललेला कल्लोळ वाटतं. म्हणून हा अल्बम तुकड्यांत ऐकू नका. ७७ मिनिटं काढा. ‘द स्पिरिट कॅरीज ऑन’ हे त्यातलं सगळ्यात साधं गाणं. मरणानंतर काही उरतं का, एवढाच त्याचा विषय. शेवटी मागे चर्चमधल्यासारखा समूहस्वर उभा राहतो. तिथं पोचेपर्यंत तासभर गेलेला असतो आणि तो तासभर गेलेला असणं गरजेचं आहे.

जाता जाता एक किस्सा. या अल्बमच्या न्यूयॉर्कमधल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग त्यांनी बाजारात आणलं. मुखपृष्ठावर ज्वाळांमध्ये न्यूयॉर्क शहर, त्यात ट्विन टॉवर्स. बाजारात यायची तारीख होती ११ सप्टेंबर २००१. माल परत मागवावा लागला आणि नवं मुखपृष्ठ छापावं लागलं.

दारू सोडण्यावरची ५७ मिनिटं

या बँडचं सगळ्यात मोठं काम कुठलं, असं विचारलं तर बरेच जण ‘ऑक्टेव्हेरियम’ सांगतील. आठवा अल्बम, आठ गाणी, प्रत्येक गाणं वेगळ्या स्वरात, असा हिशोब लावून केलेला. मी दुसरंच सांगेन.

पोर्टनॉयनं २००० साली दारू सोडली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मदतीनं. या संस्थेचे गट महाराष्ट्रातही चालतात आणि त्यांच्या बारा पायऱ्या व्यसनमुक्तीच्या कामाशी संबंध आलेल्या कुणालाही माहीत असतात. आपला दारूवर ताबा राहिलेला नाही हे कबूल करण्यापासून त्या सुरू होतात. मधे एक पायरी अशी आहे की आपण ज्यांना ज्यांना त्रास दिला त्यांची यादी करायची आणि त्यापुढची अशी की जाऊन भरपाई करायची.

पोर्टनॉयनं या बारा पायऱ्या पाच गाण्यांत लिहिल्या आणि ती पाच गाणी पाच वेगवेगळ्या अल्बममध्ये टाकली. ‘द ग्लास प्रिझन’ २००२, ‘धिस डाईंग सोल’ २००३, ‘द रूट ऑफ ऑल इव्हिल’ २००५, ‘रिपेंटन्स’ २००७ आणि ‘द शॅटर्ड फोर्ट्रेस’ २००९. सलग लावली तर ५७ मिनिटांच्या आसपास होतात. एका गाण्यातली धून दुसऱ्यात परत येते, आणि शेवटच्यात तर आधीच्या चारही गाण्यांचे तुकडे येऊन भेटतात. सात वर्षं एक माणूस एक गोष्ट थोडी थोडी करून सांगत होता.

यातलं ‘रिपेंटन्स’ बाकी चारांसारखं नाही. ते संथ आहे. यादी आणि भरपाई या पायऱ्यांचं गाणं. मध्ये गाणं थांबल्यासारखं होतं आणि वेगवेगळ्या माणसांचे आवाज येतात, प्रत्येक जण आपल्या आयुष्यातल्या कुणाची तरी माफी मागतोय. ते आवाज दुसऱ्या बँडमधल्या मोठमोठ्या संगीतकारांचे आहेत: जो सॅट्रिआनी, स्टीव्ह वाय, येसचा जॉन अँडरसन, पोर्क्युपाईन ट्रीचा स्टीव्हन विल्सन, स्लिपनॉटचा कोरी टेलर. घरात दारू पाहिलेल्या माणसाला हे दहा-अकरा मिनिटांचं गाणं फार जवळचं वाटतं. विदर्भात अशी घरं काही कमी नाहीत.

पण वेगाची आवड असलेल्यांनी ‘द ग्लास प्रिझन’ आधी ऐकावं. दारुड्या माणसाच्या डोक्यात जे चाललेलं असतं तितकंच ते गाणं बेभान आहे, त्यामुळे तो वेग खटकत नाही.

२००९ च्या ‘ब्लॅक क्लाऊड्स अँड सिल्व्हर लायनिंग्ज’मध्ये या मालिकेचा शेवट आहे आणि त्याच अल्बममध्ये ‘द बेस्ट ऑफ टाइम्स’ आहे. ज्यांनी बँडचं नाव सुचवलं ते हॉवर्ड पोर्टनॉय २००९ च्या सुरुवातीला कॅन्सरनं गेले. मुलानं त्यांच्यासाठी हे गाणं लिहिलं. १३ मिनिटं. शब्दांच्या बाबतीत अगदी बाळबोध आहे. शेवटची काही मिनिटं पेट्रुचीचं गिटार आहे. त्याचे स्वतःचे वडील तसेच गेले होते. मित्राच्या बापासाठी वाजवलेला तो सोलो माझ्या मते त्यानं वाजवलेल्या सगळ्या सोलोंमध्ये वरचा आहे, आणि गंमत म्हणजे सगळ्यात हळू वाजवलेल्यांपैकी एक आहे.

मग बिघडलं कुठं?

सप्टेंबर २०१० मध्ये पोर्टनॉय बँडमधून बाहेर पडला. त्याचं म्हणणं होतं की अल्बम-दौरा-अल्बम या चक्रातून थोडी विश्रांती घेऊ. बाकीच्यांना ती नको होती. त्याच सुमारास तो अ‍ॅव्हेंज्ड सेव्हनफोल्ड या दुसऱ्या बँडसोबत वाजवत होता. तिथलं काम संपल्यावर त्यानं परत येण्याबद्दल विचारलं, पण तोपर्यंत इकडे नवा माणूस ठरला होता.

हे साधं ऑफिसातलं भांडण नव्हतं. पोर्टनॉय, पेट्रुची आणि म्यँग, तिघांच्याही बायका लग्नाआधी एकाच बँडमध्ये होत्या. मीनस्ट्रीक नावाचा, सगळ्या बायकांचा थ्रॅश मेटल बँड. म्हणजे आपल्या भाषेत जवळपास साडूच म्हणायचे. नवरे बोलत नाहीत आणि बायका मैत्रिणी, अशी परिस्थिती बरीच वर्षं होती.

नवीन ड्रमरसाठी सात जणांना बोलावून चाचणी घेतली गेली आणि तिचं चित्रीकरण करून लोकांना दाखवलं गेलं. माईक मँजिनी निवडला गेला. तो तेव्हा बर्कलीतच शिकवत होता, म्हणजे कॉलेज सोडून गेलेल्या पोरांनी पंचवीस वर्षांनी त्याच कॉलेजचा मास्तर कामावर घेतला.

मँजिनी वाईट नव्हता. हातांच्या वेगाचे विक्रम त्याच्या नावावर होते. पण २०११ च्या पहिल्याच अल्बमला ड्रमचे पार्ट आधी पेट्रुचीनं कॉम्प्युटरवर बसवले आणि मँजिनीनं ते नंतर वाजवले, आणि ते ऐकू येतं. पोर्टनॉय रोज कार्यक्रमातली गाणी बदलायचा, दोन रात्री सारख्या नसायच्या. तेही बंद झालं. २०१६ मध्ये ‘द अस्टोनिशिंग’ आला: ३४ तुकडे, दोन तासांहून लांब, भविष्यातल्या एका राज्याची गोष्ट, जिथं माणसं संगीत विसरली आहेत आणि यंत्रं संगीत वाजवतात. चाहत्यांची बँडबद्दल नेमकी तीच तक्रार होती.

या १३ वर्षांतलं काय ठेवावं? ‘ब्रेकिंग ऑल इल्युजन्स’ नक्की ठेवावं, २०११ चं. २०२१ चं ‘द एलियन’ ठेवावं. त्याला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळाला, बँडचा पहिला, आणि तो मँजिनीच्या काळात मिळाला हे त्याच्या टीकाकारांनी विसरू नये. बाकी बरंचसं मी परत ऐकलेलं नाही.

समेट हळूहळू झाला. २०२० मध्ये पेट्रुचीनं स्वतःचा एकट्याचा अल्बम काढला आणि ड्रमसाठी पोर्टनॉयला बोलावलं. लाब्री आणि पोर्टनॉय तर दहा वर्षांहून जास्त काळ एकमेकांशी बोलले नव्हते. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात मागच्या खोलीत भेटले. ऑक्टोबर २०२३ ला पोर्टनॉय परत आल्याची घोषणा झाली. ‘पॅरासोम्निया’ हा झोपेतल्या विकारांवरचा अल्बम आहे. चांगला आहे. ‘नाईट टेरर’ ऐकल्यावर जुना दरवाजा उघडल्याचा आवाज येतो. मात्र त्यातलं एकही गाणं कुणाला हरवल्याबद्दलचं नाही, निदान मला तसं ऐकू आलं नाही.

आपल्याकडे यातलं काही आहे का?

आहे. मुंबईत १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक भरायचं, त्यातून रॉक-मेटलवाल्यांच्या दोन पिढ्या तयार झाल्या. डिसेंबर २००९ मध्ये पोर्क्युपाईन ट्री आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोला वाजवून गेला. त्याच स्टीव्हन विल्सनला २०१६ मध्ये आणि स्वीडनच्या ओपेथला २०१९ मध्ये पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडरला लोकांनी ऐकलं. विदर्भातून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पुण्याला जाणारी पोरं अशा कार्यक्रमांना असतातच.

ऐकायचं असेल तर मुंबईच्या ‘कोशिश’चा ‘फिरदौस’ ऐका. २०१३ चा, पूर्ण हिंदीत, अख्ख्या अल्बमची एक गोष्ट. गाण्यांचा क्रम त्यांनी मुद्दाम विस्कटून ठेवला आणि चित्रांमधल्या खुणांवरून तो ऐकणाऱ्यानं लावायचा, असं कोडं होतं. इंग्रजी शब्द कळत नाहीत म्हणून हा प्रकार सोडून दिलेल्यांसाठी हाच रस्ता. दिल्ली-मुंबईच्या पोरांचा ‘स्कायहार्बर’ही आहे, ज्यांच्या २०१२ च्या पहिल्या अल्बममध्ये मेगाडेथच्या जुन्या गिटारवाल्यानं, मार्टी फ्रीडमननं, सोलो वाजवले आहेत.

कुठल्या क्रमानं ऐकावं

‘अनदर डे’नं सुरुवात करा. मग ‘स्पेस-डाय व्हेस्ट’. तिसरं ‘पॅनिक अटॅक’, २००५ चं, कारण तोवर कान तयार झालेला असतो आणि पाच मात्रांची धावपळ मोजायला मजा येते. टेबलावर दोन-तीन, दोन-तीन असा ठेका धरून बघा. त्यानंतर एखाद्या सुट्टीच्या दिवशी ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ अखंड. दारूची पाच गाणी त्याच्यानंतर, शक्यतो एकट्यानं. ‘द बेस्ट ऑफ टाइम्स’ कधीही, पण वडिलांना फोन करायचा राहिला असेल तर आधी तो करून घ्या.

आणि ‘पुल मी अंडर’ ऐकताना एक सूचना. आठव्या मिनिटाला गाणं ओळीच्या मधोमध कापल्यासारखं बंद पडतं. तुमचं नेट गेलेलं नाही, फोन बिघडलेला नाही. १९९२ पासून ते तिथंच संपतं.